लोकरीत हात घालून पाहा : अंगोरा शेळ्यांचा कडक हिवाळा

अंगोरा शेळी हिवाळ्यात नेहमीच गुटगुटीत दिसते. डिसेंबरपर्यंत तिच्या अंगावर सहा-सात सेंटीमीटर लांबीच्या कुरळ्या बटा झालेल्या असतात. आत शेळी कितीही रोडावली, तरी बाहेरचा गोल आकार तसाच राहतो. आमची कापशी अशीच गेली. आमचा तो पहिला हिवाळा होता. आदल्या संध्याकाळपर्यंत ती गव्हाणीवर उभी होती. सकाळी ती गेलेली आढळली, तेव्हा पहिल्यांदा मी तिच्या पाठीवरच्या लोकरीत बोटं नीट आतपर्यंत घातली. कण्याचे मणके करवतीच्या दात्यांसारखे हाताला लागले. बरगड्या एकेक मोजता येत होत्या.

माझ्या आजोबांनी माणदेशात आयुष्यभर शेळ्या राखल्या. उस्मानाबादी शेळीचे केस आखूड, त्यामुळे ती खंगायला लागली की वीस पावलांवरून कळतं. तीच नजर घेऊन मी इथे, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या व्हरमाँट राज्यात आले आणि ती नजर लोकरीपाशी अडली. इथे नोव्हेंबरात जमीन गोठते ती एप्रिलमध्ये सुटते. जानेवारीत पारा शून्याखाली २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. या थंडीत अंगोरा पाळता येते, चांगली पाळता येते. पण तिची देखभाल डोळ्यांनी होत नाही, हातांनी करावी लागते. खाली जे लिहिलं आहे ते सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंतच्या कामाच्या क्रमाने लिहिलं आहे.

आधी जनावर ओळखा

अंगोरा हे नाव तुर्कस्तानातल्या अंकारा शहराच्या जुन्या नावावरून आलं. या शेळीच्या लोकरीला मोहेर म्हणतात. ‘अंगोरा’ म्हणून विकली जाणारी लोकर मात्र अंगोरा सशाची असते, त्यामुळे खूप जणांचा गोंधळ होतो. अमेरिकेत या शेळ्या १८४९ मध्ये आल्या आणि पुढे टेक्सासच्या कोरड्या माळावर वाढल्या. आपल्याकडेही संगमनेरी शेळ्यांशी अंगोरा बोकडांच्या संकराचे प्रयोग झाले होते. मूळ प्रकृती कोरड्या हवेची आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिला कोरडी थंडी सोसते, ओली थंडी सोसत नाही.

लडाखच्या चांगथांगमध्ये चांगपा लोक ज्या पश्मिना शेळ्या पाळतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या ४,००० मीटरच्या वर राहतात. त्यांच्या अंगावर दोन थर असतात : वर लांब राठ केस आणि आत अतिशय मऊ पश्म. हा आतला थर उन्हाळ्यापासून वाढत जातो, ऐन थंडीत पूर्ण होतो आणि वसंतात आपोआप सुटायला लागतो, तेव्हा तो विंचरून काढतात. वरचे राठ केस पाणी आणि बर्फ झटकून टाकतात. अंगोराला असं दुहेरी पांघरूण जवळजवळ नसतंच. एकच थर, तोही बटांचा, आणि बटांच्या मधे पाठीवर सरळ भांग पडतो. पावसाचं पाणी त्या भांगातून थेट कातडीपर्यंत पोचतं. शिवाय तिची लोकर वर्षातून दोनदा कातरावी लागते, म्हणजे वर्षातून दोनदा ती उघडी पडते.

आणखी एक फरक आहे, तो सर्वांत महत्त्वाचा. अंगोराचं शरीर अन्नातला वाटा आधी लोकरीला देतं, मग स्वतःला. अन्न कमी पडलं तरी लोकर बराच काळ वाढत राहते आणि मांस-चरबी झिजत जाते. कापशीची लोकर त्या हिवाळ्यात कळपातली सर्वांत सुंदर होती.

सप्टेंबर : शेवटची कातरण वेळेत

लोकर महिन्याला साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर वाढते. कातरल्यानंतर पुन्हा पुरेसं पांघरूण यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून तुमच्या भागातली पहिली ओली, गार झड कधी येते ते पाहा आणि तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजा. आमच्याकडे ही तारीख सप्टेंबरच्या मध्याला पडते. कातरणारा माणूस मिळत नाही म्हणून ऑक्टोबरच्या शेवटावर ढकललेली कातरण ही या जनावराच्या जिवावरची गोष्ट आहे. उशीर झालाच, तर मी कातरणच करत नाही. लोकर लांब होऊन गुंता होईल, दर कमी मिळेल, होऊ दे.

कातरल्यानंतरचे दिवस उन्हाळ्यातही धोक्याचे असतात. १० अंशांचा पाऊस आणि वारा एकत्र आले तर नुकती कातरलेली शेळी काही तासांत गारठून मरते. टेक्सासचे जुने शेळीपालक अशा वेळी पाठीच्या कण्यावर लोकरीचा रुंद पट्टा न कातरता ठेवतात. पावसाळी हवेचा अंदाज असेल तर ही युक्ती जरूर करा. कातरणीचं साधन कातडीला अगदी चिकटवून चालवू नका, थोडी लोकर अंगावर राहू द्या. कातरणीच्या आठवडाभर आधीपासून वैरण वाढवा, नंतर दोन आठवडे वाढलेलीच ठेवा. आणि रात्री सगळ्या आत.

ऑक्टोबर : प्रत्येकीच्या अंगावर हात

लोकर आखूड असते तोवर प्रत्येक शेळी एकदा धरून नीट तपासून घ्या. मी वहीत प्रत्येकीचं एक पान ठेवते.

पाठीपासून सुरुवात करा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर, तळहात सपाट ठेवा. मधल्या कण्याची टोकं आणि दोन्ही बाजूंना आडवी जाणारी हाडं बोटांनी चाचपा. टोकं धारदार लागली आणि आडव्या हाडांखाली बोटं सहज गेली, तर शेळी रोड आहे. टोकं गुळगुळीत लागतात, थोडं दाबल्यावर हाड कळतं, अशी हवी. कणा सापडतच नसेल तर ती जास्त सुटली आहे. त्यानंतर बरगड्या आणि पुढच्या पायांमधलं छातीचं हाड पाहा. एक ते पाच असे गुण द्यायची पद्धत आहे. हिवाळ्यात शिरताना तीन, गाभण राहणार असेल तर साडेतीन हवेत. सव्वादोन-अडीचवर असलेली शेळी आत्ताच वेगळी काढून खाऊ घाला. जानेवारीत तिला वर आणणं फार कठीण जातं.

मग खालच्या पापणीचा आतला रंग. लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर जंतांनी रक्त शोषलेलं आहे. लेंड्या तपासून घ्या आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच औषध द्या. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं तर जंत औषधाला सरावतात.

ज्या कुरणात पांढऱ्या शेपटीची हरणं येतात, तिथे ओलसर सखल जागी शरद ऋतूत शेळ्या सोडू नका. हरणांचा एक जंत गोगलगायींमार्फत शेळीच्या पोटात जातो आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो. मग थंडीच्या तोंडावर मागचे पाय लुळे पडायला लागतात. हे लक्षण दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. दोन दिवस थांबून पाहण्याची ही बाब नाही.

उवा तर थंडीच्याच पाहुण्या. दाट लोकर, अंधारा गोठा, अंगाला अंग लावून बसलेला कळप, सगळं त्यांच्या सोयीचं. अंगोरावर कातडी कुरतडणाऱ्या उवांची एक खास जातच असते. शेळी खांबाला अंग घासते, स्वतःची लोकर दातांनी ओढते, बटा ठिकठिकाणी गुंततात. मानेवरची आणि खांद्यामागची लोकर फाकून कातडीजवळ पाहा. औषध कातरणीनंतर आखूड लोकरीवरच करा आणि दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा करा, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. एकाच वेळी सगळ्या कळपाला करा. एक शेळी राहिली तर जानेवारीपर्यंत सगळ्यांच्या अंगावर पुन्हा उवा दिसतील.

खुरं दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावी लागतात, आणि बर्फात शेळ्या कमी चालतात म्हणून थंडीत ती लवकरच वाढतात. डोळ्यांसमोरची लोकरही कापा. तिच्यामुळे शेळीला दिसत नाही, मग ती गव्हाणीपर्यंत पोचण्यात मागे पडते आणि उपाशी राहते.

वैरणीचा हिशेब

हिवाळ्यातली शेळीची शेगडी तिच्या पोटात असते. कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, चोथा आंबत असताना ऊब तयार होते आणि ती अनेक तास टिकते. धान्य लवकर पचतं, त्याची ऊब थोडा वेळ मिळते. म्हणून थंडीची लाट येणार असेल तर धान्याचं माप वाढवू नका, गवत वाढवा. एकदम खूप धान्य खाल्लं तर पोटात आम्ल वाढून शेळी मरू शकते.

शेळीला तिच्या वजनाच्या तीन ते चार टक्के वाळलं गवत लागतं. ४५ किलोच्या शेळीचा हिशेब मी दिवसाला दोन किलोंचा धरते. त्यात सांडलेलं, पायदळी गेलेलं आलं. दहा शेळ्या आणि १८० दिवस म्हणजे ३,६०० किलो. इथले छोटे चौकोनी गठ्ठे साधारण १८ किलोंचे असतात, म्हणजे २०० गठ्ठे. त्यावर वीस गठ्ठे जास्तीचे, कारण एप्रिल कधी कधी बर्फातच जातो आणि तेव्हा गवत विकत मिळत नाही. हे सगळं गवत जुलै-ऑगस्टमध्येच घ्या. गठ्ठ्याच्या मधे हात घालून पाहा, गरम लागता कामा नये. वास गोड हवा. बुरशीचा वास आला तर पूर्ण गठ्ठा परत करा, गाभण शेळीला बुरशीचं गवत म्हणजे गर्भपाताला आमंत्रण.

शून्य अंशाच्या खाली प्रत्येक अंशाला शेळीची गरज साधारण दोन टक्क्यांनी वाढते असं धरून चाला. उणे वीसला म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. याचा सोपा अर्थ असा की कडक रात्री गव्हाण रिकामी राहता कामा नये. मी संध्याकाळचा भर मोठा ठेवते. रात्री नऊला पुन्हा एकदा जाते, आणि सकाळी थोडं गवत उरलेलं दिसलं तर समाधान वाटतं.

गव्हाण कुठे आणि किती उंच, यावर लोकरीचा दर ठरतो. डोक्याच्या वर टांगलेल्या जाळीतून गवत ओढताना कचरा मानेवर, पाठीवर सांडतो. तो बटांतून निघत नाही. गव्हाण छातीच्या उंचीची किंवा त्याहून खाली ठेवा, शेळीने मान वाकवून खावं. गठ्ठ्याची प्लॅस्टिकची दोरी कापल्याबरोबर खिशात घाला. तिचा एक-एक धागा लोकरीत शिरला तर सूत काढताना आणि रंगवताना पूर्ण लॉट खराब होतो. तुकडा जनावराच्या पोटात गेला तर वेगळंच संकट. माझ्या हिवाळी कोटाचे दोन्ही खिसे दोऱ्यांनी फुगलेले असतात.

क्षार-मिश्रण शेळ्यांचंच घ्या, पण आपल्या पशुवैद्याला अंगोरा आहेत असं सांगून घ्या, कारण तांब्याच्या बाबतीत अंगोरा इतर शेळ्यांपेक्षा नाजूक मानल्या जातात. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या जमिनीत सेलेनियम कमी आहे, त्याचाही विचार त्यात व्हायला हवा.

बोकड आणि खच्ची बोकडांना धान्य शक्यतो देऊच नका. धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, त्यात थंडीत पाणी कमी पितात, आणि मूतखडा होतो. खच्ची बोकड पाठीला बाक काढून कुंथताना दिसला आणि लघवी होत नसेल, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. पशुवैद्याला लगेच फोन करा.

गोठा : वर उघडा, खाली बंद

नव्याने शेळ्या पाळणारा माणूस थंडीच्या भीतीने गोठ्याची प्रत्येक फट बुजवतो. मीही बुजवली होती. आठवड्याभरात छताच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब लटकायला लागले आणि दोन तरुण शेळ्या खोकायला लागल्या. शेळ्यांच्या श्वासातून आणि मुतातून भरपूर ओल निघते. ती बाहेर गेली नाही तर लोकर ओलसर होते आणि अमोनियाने फुफ्फुसं बिघडतात. थंडीत शेळ्या मरतात त्या जास्त करून न्यूमोनियाने.

तेव्हा नियम असा : शेळ्यांच्या डोक्याच्या वर, वळचणीशी आणि आढ्याशी, हवा बाहेर जायला जागा हवी. शेळी बसते त्या उंचीवर वारा लागता कामा नये. तीन बाजू बंद, चौथी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला उघडी, असा साधा आडोसाही चालतो. एका शेळीला दीड ते दोन चौरस मीटर जागा ठेवा. त्यापेक्षा गर्दी झाली की दुबळ्या शेळीला दारात, वाऱ्यात झोपावं लागतं. शिंगाळ कळपात हे फार होतं.

रोज सकाळी दोन चाचण्या करा. गोठ्यात गुडघे टेकून शेळीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर हवा अपुरी आहे. गुडघे तसेच अर्धा मिनिट दाबून ठेवा. उठल्यावर पँट ओली झाली असेल तर आज नवं काड पसरायचं.

खाली अंथरायला गव्हाचं लांब काड उत्तम. लाकडाचा भुसा स्वस्त पडतो, पण त्याचे कण लोकरीत रुततात आणि धुऊनही जात नाहीत. ऑक्टोबरात चांगला हातभर थर घाला आणि नंतर काढू नका. वर वर कोरडं काड घालत राहा. खालचा थर हळूहळू कुजतो आणि त्याची ऊब वर येते. जानेवारीत या थराच्या आत हात घातला की गरम लागतो. मार्चपर्यंत थर गुडघाभर वाढतो, त्यामुळे दारं आतल्या बाजूला उघडणारी असतील तर ती अडकतात. हे बांधतानाच लक्षात ठेवा.

आणि उष्णतेचे लाल दिवे लावू नका. वाळलं गवत, काड, धूळ, उड्या मारणारी जनावरं आणि तापलेला दिवा एकत्र आले की काय होतं ते इथल्या प्रत्येक गावाने पाहिलेलं आहे. धडधाकट, कोरड्या आणि पोटभर खाल्लेल्या शेळीला दिव्याची गरज नसते. आजारी किंवा नुकती कातरलेली असेल तर झूल घाला. झूल मात्र रोज काढून आत हात फिरवा. आत घाम आला तर लोकर दाबली जाऊन तिचा वाकळीसारखा थर होतो.

पाणी

वाळलं गवत खाणाऱ्या शेळीला दिवसाला चार ते आठ लिटर पाणी हवं. ती बर्फ चाटून भागवेल असं समजू नका. पाणी कमी गेलं की गवत कमी जातं, गवत कमी गेलं की पोटातली शेगडी मंदावते. कडक थंडीत कोमट पाणी दिवसातून दोनदा, शक्य असेल तर तीनदा दिलं की त्या किती पितात ते पाहून आश्चर्य वाटेल. सगळ्या रांग लावून येतात.

विजेवर तापणारी बादली सोयीची आहे, पण तिची तार लोखंडी नळीतूनच न्या, शेळ्या तार चावतात. बादली कमरेच्या उंचीवर अडकवा म्हणजे लेंड्या पडत नाहीत, आणि खाली करडांसाठी वेगळं उथळ भांडं ठेवा. वीज गेली तर काय, हेही आधी ठरवून ठेवा. आमच्या विहिरीचा पंप विजेवर आहे. वादळाचा इशारा आला की घरातले सगळे पिंप, बादल्या आणि आंघोळीचा टब भरून ठेवतो.

वादळाचे दिवस

बर्फाचं वादळ येणार असेल तर आदल्या दिवशी तीन दिवसांचं गवत गोठ्यात आणून ठेवा. घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधा. पांढऱ्या अंधारात पन्नास पावलांवरचं दार सापडत नाही, हे मी अनुभवलं आहे. छतावर साचलेला बर्फ लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढा. त्यावर पाऊस पडला तर वजन दुपटीने वाढतं.

वादळ सरल्यावर शेळ्यांना बाहेर काढायचा रस्ता खणा. खोल बर्फात त्या पाय घालत नाहीत, आणि आठवडाभर कोंडल्या की एकमेकींना टकरा मारतात. गाभण शेळीच्या पोटावर बसलेली टक्कर महागात पडते. कोवळ्या उन्हात दोन तास चालल्या तरी पुरे. पायांच्या आणि पोटाच्या लोकरीत बर्फाचे गोळे लटकतात, ते परतल्यावर हाताने फोडून काढा. कानांची टोकं आणि सड पाहा. पांढुरके, कडक, गार लागले तर हाताने चोळू नका, नुसत्या तळहातांच्या उबेत धरा.

कुंपणाकडेची शोभेची झाडं हिवाळ्यात धोक्याची होतात, कारण तेवढंच हिरवं दिसतं. यू नावाचं गडद हिरवं झुडूप इथे बहुतेक घरांसमोर असतं. त्याचा मूठभर पाला शेळीला मारू शकतो. रोडोडेंड्रॉन आणि माउंटन लॉरेलही विषारी. शेजारी प्रेमाने छाटलेल्या फांद्या आणून टाकतात, त्यांना आधीच नम्रपणे सांगून ठेवा.

आठवड्यातून एकदा, मी रविवारी, प्रत्येक शेळीच्या कमरेवर हात. दहा शेळ्यांना वीस मिनिटं लागतात. वहीत गुण लिहा. मागच्या आठवड्यापेक्षा पाव गुण कमी झाला तर तिला वेगळ्या कप्प्यात खाऊ घाला आणि कारण शोधा : दात, उवा, जंत, की गव्हाणीवर दुसरी हाकलते? अंग गार वाटलं, रवंथ थांबलं, तर ताप मोजा. निरोगी शेळीचं तापमान साडेअडतीस ते साडेएकोणचाळीस अंश असतं.

गाभण शेळ्या आणि एप्रिलची कातरण

शेळी साधारण १५० दिवसांनी विते. आपल्या माहेरच्या शेळ्या वर्षात कधीही माजावर येतात. अंगोरा मात्र दिवस लहान व्हायला लागल्यावर, शरद ऋतूतच. बोकड आम्ही ५ डिसेंबरला सोडतो, म्हणजे पहिली करडं ४ मेच्या सुमारास. त्याआधी सोडण्याचा मोह होतो, पण मार्चमध्ये जन्मलेलं अंगोराचं करडू वाचवायला रात्रभर जागावं लागतं.

गाभणपणाच्या चौथ्या महिन्यात अंगोराला फार जपा. उपासमार, कुत्र्याने पिटाळणं, लांबचा प्रवास, एक भिजलेली रात्र, अशा ताणाने ती करडू टाकते. आमच्याकडे हा काळ मार्चमध्ये येतो, नेमकं जेव्हा गवताचा ढीग आटत आलेला असतो. जास्तीचे वीस गठ्ठे यासाठी.

शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातली करडं जोमाने वाढतात आणि कोटीपोटाला जागा कमी पडते. तेव्हाच धान्य सुरू करा, मूठभरापासून, हळूहळू पाव ते अर्धा किलोपर्यंत. जुळी असलेली शेळी धान्य सोडते, कोपऱ्यात उभी राहते, श्वासाला गोडसर वास येतो, तर ती स्वतःची चरबी जाळते आहे. पशुवैद्याकडून प्रॉपिलीन ग्लायकोल हे झटपट ऊर्जा देणारं पातळ औषध आधीच आणून ठेवा आणि मात्रा विचारून ठेवा.

विण्याच्या चार आठवडे आधी, एप्रिलच्या सुरुवातीला, दुसरी कातरण आणि आंत्रविषार (आतड्यांतल्या जिवाणूंच्या विषाने होणारा आजार) व धनुर्वाताची लस एकदमच उरकतो. कातरलेली शेळी कास स्वच्छ ठेवते, करडाला सड लगेच सापडतात, आणि स्वतःला गार लागतं म्हणून ती करडू घेऊन आडोशाला बसते. पण बाहेर अजून बर्फ असतो. म्हणून महिनाभर गोठा, झूल, जास्त गवत आणि हवामानावर डोळा.

करडू जन्माला आलं की नाक-तोंड साफ करा, आईला चाटू द्या, मग जुन्या टॉवेलने खसखसून पुसा. अंगोराचं करडू दोन-अडीच किलोचं, अंगावर चरबी नसल्यासारखीच. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. २४ तासांत वजनाच्या दहा टक्के, म्हणजे अडीच किलोच्या करडाला २५० मिलिलिटर, आणि त्यातला निम्मा पहिल्या चार-सहा तासांत. नाळेला आयोडीन लावा.

करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर लगेच तापमान मोजा. ३७ ते साडेअडतीसच्या मधे असेल, मान धरत असेल, तर कोरडं करा आणि चीक पाजा. ३७ च्या खाली असेल तर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या करडाला नळीने दूध पाजलं तर ते पचत नाही किंवा फुफ्फुसात जातं. खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा. फारच गार असेल तर मान बाहेर ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी ४० अंशांच्या पाण्यात धरा. पिशवीमुळे अंगाचा वास धुतला जात नाही, आई त्याला पुन्हा घेते. पाच तासांपेक्षा मोठं करडू बेशुद्ध पडलं असेल तर त्याच्यातली साखर संपलेली असते. ग्लुकोज देण्याआधी गरम केलं तर करडू झटके येऊन मरतं. ते इंजेक्शन पशुवैद्याकडून आधीच शिकून घ्या.

लोकर वाचणं

एप्रिलच्या कातरणीनंतर प्रत्येक शेळीच्या खांद्यावरची पेन्सिलएवढी एक बट बाजूला काढते. दोन्ही टोकं चिमटीत धरून बट कानाशी नेते आणि झटका देते. निरोगी लोकर टणकन वाजते. कुठे तरी चर्र आवाज आला किंवा बट मधेच तुटली, तर तिथे लोकर बारीक झालेली आहे. त्या दिवसांत ती शेळी उपाशी, आजारी किंवा तहानलेली होती. कातडीकडच्या टोकापासून तुटलेल्या जागेपर्यंत मोजायचं, दोन सेंटीमीटरला एक महिना. गेल्या वर्षी चार शेळ्यांच्या बटा पाच सेंटीमीटरवर तुटल्या. एप्रिलच्या सुरुवातीपासून अडीच महिने मागे गेलं की जानेवारीचा तिसरा आठवडा येतो. वही उघडून पाहिली. त्या आठवड्यात मधल्या कप्प्यातली तापणारी बादली बंद पडली होती, आणि ते माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले होते. आता त्या कप्प्यात दोन बादल्या आहेत, वेगवेगळ्या तारांवर.